चौकोनी कंस

तळघरातल्या या खोलीला खिडकी नाही.
वर जिनेव्हा आहे म्हणे,
सरोवर, ट्रामच्या तारा, मार्चचं कोरडं वारं.
इथे फक्त पडदा, आणि पडद्यावर
परिशिष्ट चारमधलं एक वाक्य,
मंगळवारपासून उघडं पडलेलं.

ज्यावर एकमत नाही
ते चौकोनी कंसात घालायचं, हा इथला रिवाज.
कंस घालायचं काम माझं.
मर्यादा [पाळावी] [पाळावीच].
एका चसाठी एकोणीस देश,
आणि काचेआड दुभाषी मिरेय,
जिला तो च फ्रेंचमध्ये न्यायचाय
सांडू न देता.

वाद आहे वाफेचा.
हवेतली पाण्याची वाफ आपल्या ठरल्या सुरात
सतत काही पुटपुटत असते,
इतकं हळू, की वरून जाणाऱ्या उपग्रहाला
बाकी सगळं गप्प असलं तरच ऐकू यावं.
शेजारच्या पट्ट्यात आता फोन राहायला येतायत.
भिंत पातळ, बिऱ्हाड बोलघेवडं.
पलीकडचं किती झिरपलं तर चालेल,
एवढंच ठरवायचंय. नववं वर्ष.

तौनो फोनवाल्यांकडून बोलतो, तांपेरेचा,
उमेदभर अँटेना मोजत आलेला.
त्याचे आलेख एका गृहीतकावर उभे:
शहरातले अँटेना खाली बघतात, आकाशाकडे नाही.
"आणि काचेच्या इमारती?" ओक्सुनने विचारलं.
त्याने चष्मा काढला. टायने पुसला.
"ते आम्ही मोजलेलं नाही."
क्षणभर सगळ्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं
ती इतिवृत्तात लिहायला रकाना नव्हता.

लुपे नुकुआलोफाच्या हवामान कचेरीतून आलेली,
चार विमानं बदलून. तिचा देश म्हणजे ती एकटी.
तीन दिवस तिने देशाची पाटी उभी केली नाही.
चौथ्या दिवशी केली.
"तीन डेसिबल म्हणजे दुप्पट किंवा निम्मं.
तुमच्या तक्त्यात ती एक ओळ आहे.
माझ्याकडे ती ओळ वादळाची असते,
आणि ती कुठल्या बेटावरून जाणार
हे मला रात्रीच सांगावं लागतं, सकाळी नाही."
एवढंच. मग बसली.
माइकचा लाल दिवा बंद करायला विसरली,
आणि बराच वेळ आम्ही सगळे
तिचा श्वास ऐकत राहिलो.
दिवा चालू आहे हे तिला कुणीच सांगितलं नाही.

एल्बियो, आमचा अध्यक्ष, म्हणाला: कॉफी.
वाक्यं खोलीत मांडतात,
शिजतात ती यंत्रापाशी, कागदी पेल्यांच्या वाफेत.
तिथे तौनोने रुमालावर एक आकडा लिहिला.
ओक्सुनने खोडला, खाली दुसरा लिहिला.
तौनोने त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, मग साखर मागितली.
लुपेने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.
कुठल्याच सरकारला त्याची खबर नव्हती.

रात्री साडेनऊ. दुभाष्यांच्या खोल्या अंधारल्या.
मी एक कंस काढला. मग दुसरा.
च राहिला.
आकडा मात्र कंसातच ठेवला,
रुमालावरचा, प्रश्नचिन्हासकट,
सप्टेंबरपर्यंत,
काचेच्या इमारती कुणीतरी मोजून आणेपर्यंत.
नऊ वर्षांत एक अक्षर.
लुपेने सगळ्यांशी हात मिळवले, तौनोशी दोनदा.

मग देओलिंदा आली, बादली, फडकी,
ढकलगाडीला टांगलेला छोटा रेडिओ,
त्यात पोर्तुगालचा सामना,
आणि एवढ्या काँक्रीटच्या खाली
एकही खरखर नाही.
तिने फळ्यावरचे तौनोचे डोंगर पुसले,
सावकाश, डावीकडून उजवीकडे,
आणि एका चौकोनापाशी थांबली.
तेवढ्यात गोल झाला.
तिने मला काहीतरी विचारलं,
त्या आरोळीत ते बुडून गेलं.
मी कानामागे हात धरला, म्हटलं,
काय?
पुन्हा सांगा.